ब्रेकचा स्विच गुपचूप बदलला आणि कागदावर लिहिलं "दोष आढळला नाही"

कस्टमर केअर आणि सर्व्हिस विभागाचे जे कोण वरचे साहेब असतील त्यांना,

काल संध्याकाळी तुमच्या कस्टमर केअरशी सातव्यांदा बोललो आणि फोन ठेवल्या ठेवल्या हे लिहायला बसलोय. फोनवर बोलून काय होत नाही हे कळलं, म्हणून आता सगळं लेखी.

१२ ऑक्टोबरला मी आईला घेऊन साताऱ्याहून कोल्हापूरला येत होतो. पेठ नाका मागं टाकल्यावर रस्ता मोकळा मिळाला म्हणून क्रूझ, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी ठरावीक स्पीडला ठेवणारी सोय, ८० ला लावला. वारणेचा पूल ओलांडला, पुढं उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चाललेला, त्याला मागं टाकायला स्टेअरिंगवरचं प्लसचं बटण एकदा दाबलं आणि ते आतच बसलं. वर आलंच नाही. गाडी ८५, ९०, १०० अशी चढायलाच लागली. ब्रेक दाबला, क्रूझ सुटला नाही. कॅन्सल दाबलं, काही नाही. ब्रेक दाबला की गाडी जरा दबायची, पाय थोडा सैल केला की परत इंजिन ओढायचं, आणि तीन-चार वेळा असं केल्यावर पेडल दगडासारखं कडक झालं. इंजिन पूर्ण ओढत असताना ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून ते कडक होतं, हे तुमच्या इंजिनियरना मी सांगायची गरज नाही. शेवटी गिअर न्यूट्रलला टाकला, इंजिन किंचाळलं आणि गाडी हळूहळू कडेला आली. आई मागं वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून नुसतं अंबाबाई अंबाबाई म्हणत होती. कंदी पेढ्यांचा बॉक्स तिच्या मांडीवरून खाली पडून सगळे पेढे पायात आले होते, आणि गाडी थांबल्यावरसुद्धा तिनं हँडल सोडलं नाही, मला तिची बोटं एकेक करून सोडवायला लागली. ती ७६ वर्षांची आहे.

त्या मधल्या पट्ट्यात पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीनं माझा स्पीड पकडला, १३१. किणी टोलनाक्यावर मला बाजूला घेतलं. तो १३१ मी नाकारत नाही. पोलिसांचं मशीन बरोबरच असणार, मीटरवर मी पण तेवढाच आकडा बघितलाय. सहापदरीचं काम चालू असलेल्या पट्ट्यात एवढा स्पीड म्हणून नुसतं ओव्हरस्पीडचं चलन न करता मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग, लावलं. ते ऑनलाइन दंड भरून मिटत नाही, कोर्टात जावं लागतं. कायद्यात पहिल्याच वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही लिहिलंय. लायसन सस्पेंड होऊ शकतं ते वेगळंच. तीस वर्षं गाडी चालवतोय, माझ्या नावावर आजपर्यंत नो पार्किंगची पावतीसुद्धा नाही. फास्टॅगचा मेसेज काढून बघा, तासवडे टोलनाका ४ वाजून १२ मिनिटं आणि किणी ५ वाजून ३१ मिनिटं, मध्ये वीस मिनिटं कडेला थांबलेलो. हा गाडी दामटणाऱ्या माणसाचा वेळ आहे का?

आता मुद्द्याचं ऐका. पोलिसांनी मला फोटो दाखवला, तो मागून काढलेला आहे आणि त्यात माझ्या गाडीचे ब्रेक लाइट बंद आहेत. साहेब म्हणाले, तुम्ही म्हणताय ब्रेकवर पाय होता, मग लाइट का लागले नाहीत? तिथं मला उत्तर देता आलं नाही, मान खाली घालून उभा राहिलो. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ब्रेक पेडलच्या वर जो छोटा स्विच असतो तोच ब्रेक लाइट लावतो, तोच क्रूझ सोडवतो, आणि तुमच्या या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये तोच गाडी स्टार्ट करायला आणि गिअर पी म्हणजे पार्किंगमधून काढायला परवानगी देतो. म्हणजे तो स्विच गेला तर क्रूझ सुटणार नाही आणि फोटोत मी ब्रेक न मारणारा माणूस दिसणार. एकाच पार्टनं मला स्पीड पण लावला आणि माझ्याविरुद्ध पुरावा पण तयार केला.

आणि हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. जूनमध्ये मी गाडी सर्व्हिसला टाकली तेव्हा स्वतः सांगितलं होतं की कधीकधी ब्रेक पूर्ण दाबून बटण दाबलं तरी "स्टार्ट करण्यासाठी ब्रेक दाबा" असा मेसेज येतो, दोन-तीनदा दाबल्यावर गाडी चालू होते. जॉब कार्डवर लिहून घेतलं, पुढं "तपासले, ठीक" असा शेरा. ऑगस्टमध्ये परत सांगितलं, तेव्हा शेजाऱ्यानं मला सांगितलेलं की मागचे लाइट कधी लागतात कधी नाही, ते पण लिहून दिलं. परत "तपासले, ठीक". दोन्ही जॉब कार्ड सोबत जोडलीयत. दोनदा सांगितलंय, दोनदा!

घटनेनंतर गाडी टो करून तुमच्या कोल्हापुरातल्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या पोरानं स्टेअरिंगच्या खाली स्कॅनर लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत पी ०५७१ हा कोड आला. मी विचारलं हे काय, तर तो सरळ मनाचा पोरगा, म्हणाला ब्रेक स्विचच्या सर्किटचा आहे काका. मी मोबाइलवर फोटो काढला. स्क्रीनवर वरची ट्यूबलाइट चमकतीय, कोड वाचता येतोय पण गाडीचा नंबर फ्रेममध्ये आला नाही, आणि दुसरा काढेपर्यंत अ‍ॅडव्हायझर मध्ये आला, म्हणाला आत फोटो अलाऊड नाही, तुम्ही लाउंजमध्ये बसा. तीन तासांनी गाडी बाहेर आली. बिल शून्य. कामाच्या जागी "जनरल चेकअप" आणि खाली "दोष आढळला नाही". पण बटण एका दाबात गाडी चालू करतंय, प्लसचं बटण आता वर येतंय, आणि पेडलच्या वर वाकून बघितलं तर जुन्या धुळकट वायरिंगमध्ये एक कोरा करकरीत स्विच! दोषच नव्हता तर बदललं काय? आणि बदललं तर लिहिलं का नाही? कोड तुम्ही पुसून टाकला, पण पुसायच्या आधी त्याचा रेकॉर्ड काढला असणार, तो कुठाय?

आता कालचा फोन. अकरा मिनिटं म्युझिक ऐकवल्यावर तुमचा माणूस आला. पूर्ण हकिगत परत सांगायला लावली, सातव्यांदा. सगळं ऐकून विचारतो, "सर, आपल्या गाडीत स्पीड अलर्ट आहे, तो वाजत होता का?" मी म्हटलं वाजत होता की, ८० च्या वर मिनिटाला दोनदा आणि १२० च्या वर सलग, १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नवीन गाडीत तो सक्तीचाच आहे. तर म्हणतो, "म्हणजे सर, गाडीनं आपल्याला वॉर्निंग दिली होती." मी म्हटलं अहो दिली, पण गाडी ऐकत नव्हती ना, मी ब्रेकवर उभा होतो. तर शांतपणे म्हणतो, "सर, वॉर्निंग मिळाल्यावर स्पीड कमी करणं ही ड्रायव्हरची जबाबदारी असते." मी दोन मिनिटं बोललोच नाही. मग तो विचारतो, "सर, आपलं वय?" ५४ म्हटलं. "कधीकधी सर या वयात ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडतो, आणि आपल्या एरियामध्ये गाडी जरा फास्टच चालवतात असा आमच्याकडं फीडबॅक आहे." माझ्या आईच्या बोटांचे वळ त्या हँडलवर उमटायचे बाकी होते आणि हा मला कोल्हापूरची माणसं कशी गाडी चालवतात ते सांगतोय! मी म्हटलं तुमच्या सीनियरला द्या, तर म्हणे सीनियर मीटिंगमध्ये आहेत. फोन ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवतो, फौंड्रीच्या कास्टिंगवर मशीनिंग करतो. आमच्याकडं एक नग रिजेक्ट झाला तर त्याला लाल पेंट मारून वेगळा ठेवतो, का गेला ते लिहितो, आणि कस्टमरनं मागितला तर तो तुकडा त्याच्या हातात देतो. पंचवीस माणसांच्या शॉपला हे जमतं. तुमच्या एवढ्या मोठ्या कंपनीला जमत नाही? घरातली ही तुमची तिसरी गाडी, पहिली वडिलांनी घेतलेली, तिच्यावर मी गाडी शिकलो. पावण्यारावळ्यांना मीच सांगत आलोय की हीच घ्या. परवा मेहुण्यानं विचारलं तर तोंडातून शब्द फुटला नाही.

मला पैसे नकोत, दंडाचे पण नकोत, कोर्ट जो लावेल तो मी भरीन. मला जुना ब्रेक स्विच आणि स्टेअरिंगचं जुनं बटण परत पाहिजे. त्या दिवशीच्या स्कॅनरचा रिपोर्ट कोडसकट पाहिजे, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्या वेळचा जो काही डेटा असेल तो पाहिजे. आणि तुमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानं लिहून पाहिजे की कुठला पार्ट बदलला आणि का. तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिथं माझ्याकडं आज काय आहे, तर "दोष आढळला नाही" लिहिलेला तुमचाच कागद. तो कागद दाखवला तर मीच खोटा ठरतो.

सात दिवस थांबतो. त्यात लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात केस, २०१९ च्या कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे, वकिलांशी बोलणं झालंय. त्याबरोबर सरकारच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठी, म्हणजे कंपनीनं सदोष गाड्या परत बोलावून दुरुस्त कराव्यात म्हणून, तक्रार टाकणार. गाडी सात वर्षांच्या आतली आहे त्यामुळं तिथं ती बसते. माझ्या ओळखीत याच मॉडेलच्या आणखी दोन गाड्या आहेत, त्यातली एक कधीकधी ब्रेक दाबूनसुद्धा पी मधून गिअर काढू देत नाही. तिच्या मालकाला मी क्रूझ वापरू नको म्हणून सांगितलंय. हे सांगणं तुमचं काम होतं.

दोन्ही जॉब कार्ड, शून्याचं बिल, स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो, नवीन स्विचचा फोटो, चलन आणि फास्टॅगचे मेसेज जोडलेत. गाडी सध्या घरात उभी आहे, आई तिच्यात बसत नाही. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर माझ्यासमोर तपासायचं, आणि या वेळेला मी लाउंजमध्ये बसणार नाही.

गाडीमालक,
कोल्हापूर