नाना, तुम्ही आमचं सोपं काम अवघड करून ठेवलंत

तीर्थस्वरूप नानांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणता आणि पुण्यातल्या पावसावर येता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

तुम्ही आमच्या शेजारी, तुमच्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलात तेव्हा आमच्या लेकीचा शाळेचा प्रोजेक्ट जवळजवळ झालाच होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक व्यक्ती निवडायची होती. तिने डेबोरा सॅम्पसन घेतली, कारण ती आमच्याच, मॅसॅच्युसेट्समधल्या शॅरनची. गावात तिचा पुतळा आहे, तिच्या नावाचा रस्ता आहे, रॉक रिज दफनभूमीत तिची कबर आहे. जन्म १७६०चा, घरची गरिबी, दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत लोकांच्या घरी करारावर राबणं, पुढे पुरुषी कपडे घालून 'रॉबर्ट शर्टलिफ' या नावाने फौजेत भरती. अशी गोष्ट हाती लागल्यावर पोरगी खूश. पोस्टरवर मधोमध जांभळ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'यॉर्कटाउनच्या लढाईत पराक्रम'.

तुम्ही चहा प्यायला आला होतात. पोस्टर बघून एवढंच विचारलंत, "हे कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात," ती म्हणाली.

"सगळे म्हणजे कोण गं? नाव सांग एकाचं."

तिथून आमच्या जेवणाच्या टेबलाचं दफ्तरखानं झालं. पुण्यात आयुष्यभर मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडून कागद लावण्यात गेलेला माणूस तुम्ही. शॅरनमध्येही तेच सुरू केलंत. लायब्ररीतून आणि इंटरनेटवरून तिने जे जे शोधलं, त्या प्रत्येक कागदाची एक चिठ्ठी. वर तारीख, खाली लिहिणाऱ्याचं नाव, आणि त्याखाली तुमचा लाडका प्रश्न : याने हे का लिहिलं? दाण्याची वाटी, पाण्याचा तांब्या, सगळं टेबलाच्या कडेला सरकलं आणि मध्ये चिठ्ठ्यांची रांग लागली. चार दिवस आम्ही सोफ्यावर ताटं घेऊन जेवलो, हे तुम्हाला आता सांगते.

यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं खाली ठेवली १९ ऑक्टोबर १७८१ला. ती चिठ्ठी तुम्ही तिलाच जागेवर लावायला सांगितलीत. तिच्या पुढे आली अ‍ॅबनर वेस्टन नावाच्या मिडलबरोच्या कॉर्पोरलची डायरी. ही डायरी २०१९मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयाने मिळवली. जानेवारी १७८२मध्ये डेबोरा 'टिमथी थेअर' या नावाने भरती व्हायला गेली आणि पकडली गेली, असं त्याने त्याच वेळी लिहून ठेवलंय. मग तिच्या चर्चची सप्टेंबर १७८२ची नोंद : पुरुषाच्या वेशात फौजेत गेल्याबद्दल तिला मंडळीतून काढलं. मग १७९२चा तिचाच कागद, थकलेला पगार मागणारा. त्यात भरतीची तारीख स्वच्छ आहे, मे १७८२. म्हणजे यॉर्कटाउन संपल्यानंतरची.

लेक बराच वेळ त्या रांगेकडे बघत बसली. मग तिने स्वतःच 'पराक्रम'वाली पट्टी पोस्टरवरून ओढली. डिंक पक्का होता, निम्मं पोस्टर फाटलं. मला रडू आलं, तिला नाही.

यॉर्कटाउन आलं कुठून? १७९७मध्ये हर्मन मानने तिचं चरित्र छापलं, त्यातून. तुम्ही म्हणालात, "म्हणजे ही बखर झाली." मग बखरी आणि अस्सल कागद यावरून इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी केलेलं भांडण तुम्ही तिला अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत असं काही सांगितलंत की ती आता आठवीच्या पुस्तकालाही 'बखर' म्हणते.

पण मला खरी आठवते ती पुढची संध्याकाळ. १८१८चा अर्ज सापडला. गरजू सैनिकांना पेन्शन देणारा कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि सत्तावन्न वर्षांच्या डेबोराने स्वतः शपथेवर सांगितलं होतं की आपण १७८१मध्ये भरती झालो, यॉर्कटाउनला होतो. तिच्या थडग्यावरही १७८१च कोरलंय. लेकीचा चेहरा पडला. "ती खोटं बोलली का, नाना?"

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. चष्मा पुसलात. मग इनामाच्या अर्जांचं सांगितलंत : ज्याची जमीन जायची वेळ येई, त्याचे आजोबा हमखास पानिपतावर पडलेले असत. "खोटं म्हणण्याआधी तिच्या घरात तेव्हा काय होतं ते बघ."

मग तिने ते बघितलं. राज्याने १७९२मध्ये दिले ३४ पौंड आणि व्याज. १८०४मध्ये शेजारच्या कँटनला तांब्याचा कारखाना चालवणारे, स्वातंत्र्ययुद्धातले नामवंत पॉल रिव्हिअर तिला भेटले आणि त्यांनी खासदाराला पत्र घातलं. कोणीतरी दांडगी, अडाणी बाई असेल असं वाटलं होतं, पण निघाली चांगली बोलणारी, नीटस बाई, असं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलंय. १८०५पासून महिना चार डॉलर पेन्शन. आणि १८०६मध्ये त्याच रिव्हिअरना डेबोराचं पत्र : मी आजारी, मुलं आजारी, दहा डॉलर उसने द्याल का?

दहा डॉलर. लेकीने ती चिठ्ठी १८१८च्या चिठ्ठीच्या अगदी लगत ठेवली आणि पुन्हा 'खोटं' हा शब्द काढला नाही. फाटलेल्या पोस्टरच्या जागी टेबलावरची ती रांगच चिकटवून शाळेत गेली, यॉर्कटाउनच्या चिठ्ठीसकट.

मार्क किती पडले ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही.

आता एक काम आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत, आंजर्ल्याच्या घराच्या कागदांत, एक मोडी पान निघालंय. फोटो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. लेकीने मला बजावलंय की नानांना 'काय लिहिलंय' असं विचारायचं नाही; तारीख कुठे असते तेवढंच विचारायचं, बाकीचं ती बघेल.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या शॅरनच्या शेजारघरची सून