रणात चाकोरी सोडू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कच्छच्या छोट्या रणातल्या हिवाळी सहलीवर लेख आला होता. घुडखरांचे म्हणजे रानगाढवांचे कळप, करकोचे, रात्रीचे आभाळ, सगळे छान उतरले आहे. पण ‘रणाला रस्ता नसतो, गाडी वाटेल तिकडे पळवा’ हे त्यातले वाक्य वाचून राहवले नाही. मागच्या जानेवारीत मी नेमके हेच केले होते.

नाशिकहून आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. रणाच्या काठच्या गावात एका शेतकऱ्याच्या खळ्यावर तंबू ठोकले. पहाटे तंबूच्या कापडाला हात लागला तरी बाही भिजावी इतके दव पडायचे. सकाळी परवाना काढला, वाटाड्या मात्र घेतला नाही. ‘मोबाइलवर नकाशा आहे की’ असे मीच म्हणालो.

दुपारी घुडखरांचा कळप दिसला. फोटो जवळून मिळावा म्हणून चाकोरी सोडून गाडी त्यांच्या रोखाने घातली. कळप उधळला. एक शिंगरू मागे पडले, त्याची आई दोनदा थांबून वळली आणि पुन्हा पळाली. रणातल्या या जनावराची संख्या 1969 मध्ये 362 वर आली होती. 2024 च्या गणनेत ती 7,672 भरली. संख्या वाढली म्हणून त्यांना पळवायची मुभा मिळत नाही. हिवाळ्यातल्या त्या तुटपुंज्या चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराला प्रत्येक धाव महागात पडते.

पुढे दोनशे पावलांवर गाडी रुतली. रणाची वरची खपली वाळून भेगाळलेली असते, पायाला दगडासारखी लागते. तिच्याखाली वीतभरावर काळा, चिकट गाळ असतो. पावसाळ्यात बनास, रूपेण या नद्यांचे पाणी आणि खाडीतून आत येणारे समुद्राचे पाणी इथे एकत्र पसरते. मग उरतात ते फक्त उंचवटे, त्यांना तिथले लोकही आपल्यासारखेच ‘बेट’ म्हणतात. पाणी आटते, पण खालची ओल पुरती जात नाही. आमची मागची चाके आसापर्यंत आत गेली.

दिवस मावळता मावळता रणात मीठ पिकवणाऱ्या एका अगरिया कुटुंबाने ट्रॅक्टर आणून आम्हाला ओढून काढले. टँकरने येणाऱ्या मोजक्या पाण्यातून त्यांच्या घरातल्या बाईंनी आम्हा सहा जणांना चहा दिला. परतताना टॉर्चच्या उजेडात दिसले, की येताना आमच्या चाकांनी त्यांच्याच मिठाच्या वाफ्याचा बांध फोडला होता. आतले खारे पाणी निम्म्याहून अधिक वाहून गेले होते.

हे नुकसान केवढे ते मला दुसऱ्या दिवशी कळले. पावसाळा संपला की ही कुटुंबे मुलाबाळांसह रणात येतात. विहीर खणून जमिनीतले खारे पाणी उपसायचे, वाफ्याचा तळ दिवसचे दिवस पायांनी तुडवून घट्ट करायचा, पाणी आटू लागले की लाकडी दंताळे रोज ओढत राहायचे. तेव्हा कुठे उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या जाड खड्यांचे मीठ हाती येते. मी पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. त्या घरातला मुलगा फावडे घेऊन बांध घालत होता, तो मान वर करून बघतही नव्हता.

आणि चाकांची खूण. ती पुढच्या पावसापर्यंत तरी पुसली जात नाही. मागून येणारा तिलाच रस्ता समजतो आणि एकीच्या दहा होतात. जिथे हुबारा पक्षी उतरतात, जिथे बेटाच्या कडेला थोडे गवत उगवते, तिथपर्यंत त्या जातात.

माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनात असतो. तिथल्या कोफा या वाळवंटी अभयारण्यात तो हिवाळ्यात तंबू घेऊन जातो. तिथे गाडी नेमलेल्या रस्त्यापासून 100 फुटांपलीकडे नेता येत नाही आणि पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करता येत नाही. या नियमांमुळे तिथली मजा कमी झाल्याचे त्याच्या तोंडून कधी ऐकले नाही. आपल्याकडे छोट्या रणाचे अभयारण्य जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटर पसरले आहे. सगळीकडे पहारा ठेवणे कुणालाच जमणार नाही. पण काठावरच्या गावांतून आत जाणाऱ्या वाटांवर रंगवलेले खुंट रोवता येतील. वाटाड्याशिवाय बाहेरच्या खासगी गाडीला परवाना देऊ नये, असेही मला वाटते. त्या गावांतल्या मुलांना रण तळहातासारखे माहीत आहे, त्यातून त्यांना चार पैसेही मिळतील.

डिसेंबर जवळ आला आहे. एमएच पाटीच्या गाड्या आता तिकडे निघतील. आपला लेख वाचून जाणारेही त्यात असतील. म्हणून पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती: रणात वाटाड्या घ्या, चाकोरी सोडू नका, कळप दिसला तर गाडी थांबवून बंद करा आणि मिठाच्या वाफ्यांच्या वाऱ्यालाही गाडी उभी करू नका.

– एक वाचक, नाशिक