पाड्यांच्या सांडपाण्यासाठी फिरते तांत्रिक पथक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाणीपुरवठ्याच्या व स्वच्छतेच्या कामांवर मी शाखा अभियंता म्हणून बरीच वर्षे होतो. नळाचे पाणी पाड्यापर्यंत पोहोचावे म्हणून जेवढी धडपड झाली, तेवढी ते पाणी वापरल्यानंतर कुठे जाते हे पाहण्यासाठी झाली नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. त्यातले पासष्ट ते सत्तर टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरले, तर दीडशे वस्तीच्या पाड्यावर रोज सुमारे साडेपाच हजार लिटर सांडपाणी तयार होईल. विहिरीवरून हंड्याने पाणी आणावे लागत होते तोवर भांड्यांचे पाणी परसातल्या अळवाला किंवा केळीला जात असे आणि तिथेच मुरत असे. घराशी नळ आल्यावर तेच पाणी उताराने वाहत खालच्या घराच्या अंगणात आणि पुढे पिण्याच्या विहिरीच्या काठाशी जाऊन साचते.

यासाठी पैसा नाही असे नाही, मात्र तो मोजण्याची पद्धत लहान वस्तीच्या विरोधात जाते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये असा दर ठरवण्यात आला, आणि त्यातील ३० टक्के रक्कम पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायची होती. मोठ्या गावाला गटारींचे जाळे आणि प्रक्रियेची जागा लागते, म्हणून त्याचा दर जास्त, हे समजण्यासारखे आहे. परंतु दीडशे वस्तीच्या पाड्याच्या वाट्याला या हिशेबाने ४२ हजार रुपये येतात, आणि तेवढ्यात साहित्य घाट चढवून नेण्याच्या खर्चासह काम कसे करायचे, हे कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही. घनकचरा आणि सांडपाणी मिळून गावाला किमान एक लाख रुपये वापरता येतील अशी सवलत आहे; पण तिथे गाव म्हणजे महसुली गाव, आणि आमच्याकडे एका महसुली गावात एकमेकांपासून मैल-दीड मैल अंतरावरचे पाच-सहा पाडे असतात. प्रत्येक पाड्याचा उतार निराळा, विहीर निराळी, म्हणून व्यवस्थाही निराळीच करावी लागते.

पैशापेक्षाही मोठी उणीव तांत्रिक मदतीची आहे, आणि ती मी स्वतः सही केलेल्या एका कामावरून सांगतो. एका पाड्यावर घरटी शोषखड्ड्यांचे (सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांचे) अंदाजपत्रक तालुक्यातील इतर सर्व गावांप्रमाणे एकाच नमुन्यावर तयार झाले, त्याला तांत्रिक मान्यता मिळाली, एप्रिल-मे महिन्यांत खड्डे खणले गेले, मोजमाप पुस्तिकेत नोंदी झाल्या आणि पूर्णत्वाचा दाखलाही निघाला. जुलैत मी त्याच पाड्यावर गेलो तेव्हा खड्ड्यांतून पाणी उफाळून वर येत होते, कारण दोन-अडीच फुटांखाली कातळ होता आणि पावसाळ्यात जमिनीतले पाणी जवळजवळ पृष्ठभागापर्यंत चढलेले होते. त्या जागी पाझर चाचणी घेतली असती, म्हणजे लहान खड्डा खणून, त्यात पाणी भरून, ते तासाभरात किती उतरते एवढे पाहिले असते आणि तेही पावसाळ्यात, तर हा खर्च वाचला असता. ती चाचणी मी मागितली नाही, ही चूक माझी आहे. पण ती मागण्याची रीतच नव्हती आणि माझ्या माहितीप्रमाणे आजही नाही. अशा जागी शोषखड्ड्याऐवजी कर्दळ लावलेला खडीचा उथळ वाफा किंवा बांधावरची सामाईक परसबाग चालू शकते. मात्र ते ठरवायला जागेवर जाणारा आणि त्या जमिनीची ओळख असणारा माणूस लागतो.

शोषखड्डा मुळातच निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. नांदेड जिल्ह्यात रोजगार हमी योजनेतून घरोघरी शोषखड्डे घेऊन उघड्या गटारी बंद करण्यात आल्या, आणि त्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाचे काम सर्वांत आधी सांगितले जाते. तिथे जे साधले ते जसेच्या तसे सह्याद्रीच्या उतारावरील कातळात साधेल असे समजणे मात्र चुकीचे आहे. शिवाय चांगला बांधलेला खड्डाही देखभालीशिवाय टिकत नाही. भांडी घासण्याची राख, भाताची पेज आणि तेलकटपणा अडवण्यासाठी खड्ड्याआधी लहान चेंबर असते, त्यातला गाळ पंधरा-वीस दिवसांनी काढला नाही तर खड्डा एक-दोन वर्षांतच बुजतो. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरल्यावर चेंबरमधली वाट बदलून दुसरा चालू करायचा असतो, आणि पहिला किमान वर्षभर बंद ठेवला की त्यातल्या मैल्याचे निर्धोक खत होते. ही साधी गोष्ट घरातल्या बाईमाणसांना कोणी दाखवून दिलेलीच नसते. सेप्टिक टाकी बांधली असेल तर मैला उपसणारी गाडी पाड्यापर्यंत चढत नाही, आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मग ती टाकी भरून वाहू लागते.

यावर उपाय म्हणून मला आपल्याच जिल्हा परिषदांकडे असलेली एक जुनी व्यवस्था आठवते. पंचायत समितीकडे हातपंप दुरुस्तीचे पथक असते; वाहन, अवजारे, यांत्रिकी आणि मदतनीस घेऊन ते गावोगाव फिरते, आणि ग्रामपंचायत प्रत्येक पंपामागे वार्षिक वर्गणी भरते. त्या पथकांच्याही अडचणी आहेत, परंतु पंप बंद पडला तर कोणाला सांगायचे हे पाड्यावरच्या माणसाला ठाऊक असते. सांडपाण्याबाबत तेवढेही नाही. प्रत्येक आदिवासी तालुक्यात एक स्थापत्य तंत्रज्ञ आणि दोन प्रशिक्षित स्थानिक तरुण यांचे असेच फिरते पथक नेमावे. कामाआधी पाझर चाचणी घेणे, विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किमान दहा मीटर दूर आहे ना हे पाहणे, पाड्याला योग्य तो आराखडा ग्रामसभेपुढे सोप्या भाषेत मांडणे आणि त्यानंतर वर्षातून दोनदा प्रत्येक पाड्यावर जाऊन देखभाल पाहणे, हे त्याचे काम असावे. अमेरिकेत १९५९ च्या कायद्याने आदिवासी वस्त्यांना पाणी आणि मलनिस्सारणाच्या सोयी करून देण्याचा अधिकार तिथल्या सार्वजनिक आरोग्य सेवेला मिळाला, आणि १९८० पासून लहान ग्रामीण पाणी योजनांना मदत करणारे फिरते तंत्रज्ञ तिथल्या केंद्र सरकारच्या पैशातून नेमले जात आहेत. तेव्हा ही मागणी अव्यवहार्य म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही.

या पथकाचा पगार आणि प्रवास बांधकामाच्या निधीतून काढू नये. पेसा कायदा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या राज्यातील १३ जिल्ह्यांत आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळतो, आणि आरोग्य व स्वच्छता हा त्याच्या वापराचा एक मान्य विषय आहे. ग्रामसभांनी त्यातून हातपंपाप्रमाणेच लहानशी वार्षिक वर्गणी द्यावी आणि उरलेला भार ग्रामविकास, पाणीपुरवठा व स्वच्छता आणि आदिवासी विकास या तीन विभागांनी मिळून उचलावा. आदिवासी विकास विभागाचा यात थेट संबंध आहे, कारण शेकडो मुले राहत असलेल्या निवासी आश्रमशाळेचे न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि शौचालये मिळून एखाद्या मोठ्या पाड्याहून जास्त सांडपाणी बाहेर टाकतात.

पंधराव्या वित्त आयोगाची मुदत २०२५-२६ अखेरपर्यंतची आणि स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्याचीही तीच, त्यामुळे पुढील पाच वर्षांचे निकष ठरवताना माणशी दराबरोबरच प्रत्येक स्वतंत्र पाड्यासाठी एक ठरावीक मूळ रक्कम आणि देखभालीसाठी वेगळा वार्षिक निधी ठेवावा, असा आग्रह राज्य सरकारने केंद्राकडे धरला पाहिजे. तोपर्यंत पालघर जिल्हा परिषदेने निदान एका तालुक्यात असे पथक नेमावे आणि नव्या कामांची पाझर चाचणी मे महिन्यात न घेता जुलैमध्ये, भर पावसात घ्यावी.

आपला,
एक सेवानिवृत्त शाखा अभियंता,
जव्हार, जि. पालघर