कुंडावरच्या मामांना, पुण्यातून

मामा, रामराम. मी तोच, निघोजच्या कुंडावर भर दुपारी ट्रायपॉड घेऊन घाम पुसत उभा असलेला पुण्याचा माणूस. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि तुम्ही काही हे वाचत बसणार नाही, पण टाकळी हाजीकडचं कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून इथे उघड्यावरच लिहितोय.

त्या दिवशी माझं सगळंच गंडलं होतं. गर्दी नको म्हणून मुद्दाम मंगळवार काढला, तर वाघोलीच्या ट्रॅफिकमधेच निम्मा जीव गेला, मग शिक्रापूर, शिरूर करत साधारण 90 किमीला चार तास, पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. कुकडीच्या पात्रात एवढे भारी रांजणखळगे, एकात एक घुसलेले, आणि माझ्या फोटोत नुसता पांढरट खडक न त्यात काळी भोकं. लेन्स बदलली, पोलरायझर लावला, काही उपयोग नाही. त्यात फिल्टरचं पाऊच घसरलं ते थेट एका रांजणात! तुम्ही शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडायची आकडी खाली सोडून पट्ट्यात अडकवलीत आणि अलगद वर काढलंत, वर मलाच झापलंत, "उभ्यानं वाकू नका, बूड टेका आधी." खरंय, ओला शेवाळलेला खडक म्हणजे साबणच.

पण आभार पाऊचचे नाहीत, म्हणजे त्याचेही आहेतच (महागाचं होतं), पण जास्त त्या गोट्यांचे. बसाल्ट खडक, लाव्हा, सुमारे 6.5 कोटी वर्षं, पुराच्या भोवऱ्यात दगड गरगरून खळगे पडतात, हे सगळं मी वाचून आलो होतो. तुम्ही एका उथळ खळग्यात हात घालून तळातून लिंबाएवढा गोटा काढलात, पेढ्यासारखा गुळगुळीत, आणि तो परत आत टाकून काठीने कडेकडेने फिरवलात. घर्रर्र असा जात्यासारखा आवाज आला. तेव्हा कुठे मला कळलं मी कशाचा फोटो काढायला आलोय, तोवर मी नुसता सगळं पात्र एका फ्रेममधे कोंबत होतो.

"सकाळी सातला या, ऊन तिरपं असतं," म्हणालात, म्हणून पुढच्या मंगळवारी पहाटे साडेतीनला निघालो. कुंडावर चिटपाखरू नाही, मळगंगेच्या देवळाकडून एक घंटा वाजली तेवढीच. ऊन कडेवरून हळूहळू आत उतरलं आणि रांजणाच्या भिंतीवरची एकेक गोल रेघ दिसायला लागली, कुंभाराची बोटं फिरल्यासारखी. वाइड लेन्स बॅगेतच राहिली. दीड तासात मोजून अकरा फोटो काढले, त्यातला तळातल्या ओल्या गोट्यांचा मोठा प्रिंट करून घेतलाय.

तुम्ही मात्र त्या दिवशी दिसला नाहीत. पहिल्या दिवशी तुमचा फोटो काढला तेव्हा तुम्ही एकच विचारलं होतंत, "शेळी नीट आली का?" मामा, शेळी एकदम झकास आलीय, कानासकट. तुमचे डोळे मिटलेत. प्रिंट दिवाळीनंतर घेऊन येतो, तेव्हा परत काढू.