अस्वलासाठी पिस्तूल: परवाना मालकाला, जखम मजुराला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

काजूचे बोंडू पिकू लागले की सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे या तालुक्यांतल्या रानाकाठच्या गावांत अस्वलाचा विषय निघतोच. कुणाच्या बागायतीत वारूळ उकरलेले दिसते, कुणाला पहाटे पायवाटेवर ताजी विष्ठा दिसते आणि मधूनच एखाद्या गावकऱ्याला अस्वलाने फाडल्याची बातमी वर्तमानपत्रात वाचायला मिळते. अलीकडे मात्र या गप्पांना नवे शेपूट फुटले आहे. बागायतदारांनी, आणि सुर्ला-चोर्ला भागात डोंगर चढायला येणाऱ्या हौशी मंडळींनीसुद्धा, स्वसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगावे आणि सरकारने त्यासाठी सढळ हाताने परवाने द्यावेत, असे काजूच्या दारूच्या भट्टीवर बसल्या बसल्या बोलले जाते. ‘अमेरिकेत लोक असेच फिरतात’ हा त्यावरचा ठरलेला पुरावा. रानाला लागून माझीही काजूची बागायत आहे, त्यामुळे ही भीती मला परकी नाही. तरीही या मागणीतून चुकीच्या माणसाच्या हातात चुकीची वस्तू जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत भरलेले शस्त्र जवळ बाळगायला पूर्वी मनाई होती. २००९ साली संमत झालेल्या कायद्यामुळे २२ फेब्रुवारी २०१० पासून, संबंधित राज्याचा कायदा आड येत नसेल तर, ते बाळगता येते. अलास्कासारख्या राज्यात दुर्गम भागात जाणारे अनेक जण .४४ मॅग्नमसारखे दणकट रिव्हॉल्व्हर घेऊन हिंडतात, हेही खरे आहे. तिथल्या अशा प्रसंगांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. १८८३ ते २००९ या काळातल्या, बंदुकीशी संबंध आलेल्या २६९ घटना त्यांनी तपासल्या. त्यांत हातातल्या छोट्या शस्त्राने अस्वलाला रोखल्याचे प्रमाण ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकीने रोखल्याचे प्रमाण ७६ टक्के निघाले. एवढेच वाचले तर पिस्तूलवाल्यांची बाजू भक्कम वाटेल. पण त्याच अभ्यासात असेही आढळले की शस्त्र जवळ असलेल्या माणसांपैकी ज्यांनी ते चालवले आणि ज्यांनी चालवले नाही, त्यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. शिवाय ६१ टक्के घटनांत अस्वल मेले. हे आकडे शस्त्राबरोबर वाढलेल्या, नेमबाजीचा सराव असलेल्या समाजातले आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य अस्वले तपकिरी जातीची होती. आपल्याकडचे अस्वल त्या यादीत नाहीच.

त्याच दोन संशोधकांनी त्याआधी, २००८ साली, मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा हिशेब मांडला होता. १९८५ ते २००६ या काळातल्या अलास्कातल्या ८३ घटनांत या फवाऱ्याने तपकिरी अस्वलाला ९२ टक्के वेळा आणि काळ्या अस्वलाला ९० टक्के वेळा थोपवले, आणि फवारा जवळ असलेली ९८ टक्के माणसे समोरासमोरच्या गाठीतून विनाइजा सुटली. ज्यांना इजा झाली त्यांच्यापैकी कुणालाही रुग्णालयात दाखल करावे लागले नाही. वाऱ्यामुळे नेमात अडथळा आल्याच्या तक्रारी थोड्या होत्या, आणि काहींच्या स्वतःच्याच डोळ्यांची आग झाली, हेही संशोधकांनी लपवले नाही. अमेरिकेचे नाव घेणाऱ्या आपल्या मित्रांना तिथल्या कमरेवरचे पिस्तूल दिसते आणि त्याच कमरेच्या दुसऱ्या बाजूला अडकवलेला फवाऱ्याचा डबा दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

आता आपल्या रानाकडे येऊ. आपले अस्वल माणसाची शिकार करायला येत नाही. ते वाळवी, मुंग्या, मध, करवंदे, जांभळे, फणस आणि बोंडू खाऊन जगते. त्याची नजर अधू असते आणि नाक तीक्ष्ण असते. वाघ-बिबट्याच्या शेजारात जगणारा हा प्राणी अगदी जवळून दचकला की पळण्याऐवजी अंगावर येतो, आणि बहुतेक वेळा पंजा व दात माणसाच्या डोक्यावर नि तोंडावर चालवतो. अस्वल वारूळ खाताना ज्याने ऐकले असेल त्याला माझे म्हणणे लगेच पटेल. नखांनी माती फोडून ते भोकात तोंड खुपसते, आधी जोराने फुंकर मारून धूळ उडवते आणि मग वाळवी आत ओढून घेते. तो आवाज बराच दूरवर जातो. त्या गोंगाटात त्याला आपल्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही. इकडे बोंडू वेचणारी बाई कमरेत वाकलेली असते, तिची नजर पाल्यात असते, एका झाडाखाली ती बराच वेळ जवळजवळ जागच्या जागी असते, आणि त्यामुळे तिचाही आवाज होत नाही. मध्ये घाणेरीची किंवा रानमोडीची जाळी असते. दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो तेव्हा अंतर पाच-दहा पावलांचे उरलेले असते.

या अंतरावर पिस्तुलाचा काय उपयोग होणार, याचा साधा हिशेब करून पाहावा. अंगावर धावणारे अस्वल हे अंतर सेकंद-दीड सेकंदात कापते. सराव असलेल्या माणसालाही म्यानातून शस्त्र काढून नेम धरायला तेवढाच वेळ लागतो, तोही तो उभा असेल, हात मोकळे असतील आणि काय घडते आहे हे त्याला कळलेले असेल तर. आपल्याकडे कामाला जाणाऱ्याच्या कमरेला आकडी असते, तिच्यात कोयता असतो, डोक्यावर किंवा काखेत पाटी असते आणि हात बोंडवांच्या रसाने चिकट झालेले असतात. दुसरे असे की या अस्वलाच्या अंगावर लांब, झुबकेदार केस असतात. त्यामुळे त्याचे खरे शरीर कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याचा अंदाज शांत डोक्यानेही नीट येत नाही. गोळी लागून जखमी झालेले अस्वल जाळीत शिरले, तर त्या जाळीशेजारून दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या गुराख्याचे काय, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

शिवाय आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळू शकणारे शस्त्र अलास्कातले नसते. ९ मिमी पॅराबेलमसारख्या मापांची शस्त्रे निषिद्ध वर्गात मोडतात. परवानाधारकाच्या हातात सहसा येते ते कानपूरच्या आयुध निर्माणीचे .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर. त्याच्या गोळीत .४४ मॅग्नमच्या तुलनेत फार थोडी ताकद असते. त्याने अस्वल जागच्या जागी थांबेल अशी खात्री कुणीही देऊ नये. ते चिडेल मात्र नक्की.

कायद्याची बाजू तर या चर्चेत कुणी उघडूनच पाहिलेली दिसत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात कोणतेही शस्त्र नेता येत नाही. म्हणजे म्हादई, नेत्रावळी, भगवान महावीर, खोतीगाव या ठिकाणी भटकायला जाणाऱ्याने परवान्याचे पिस्तूल नेले तरी तो गुन्हाच. कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी सहमती लागते, आणि नकाशावर हे दहा किलोमीटर मोजले तर सत्तरीचा फार मोठा भाग त्यात येतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने प्राण्याला मारावे किंवा जखमी करावे लागले तर कलम ११ माणसाला संरक्षण देते, ही दिलासा देणारी बाब आहे. पण त्या क्षणी तो माणूस याच कायद्याचा भंग करत असेल, तर ते संरक्षण उरत नाही. विनापरवानगी शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरलेल्याने गोळी झाडली, तर त्याला ‘जीव वाचवला’ एवढे सांगून सुटता येईल, अशा भ्रमात कुणी राहू नये. अस्वल या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि बचावात मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. जाता जाता सांगतो, अलास्कातही अशा वेळी कातडे आणि कवटी सरकारकडे जमा करून पंधरा दिवसांत लेखी माहिती द्यावी लागते. तिथेही मनाला येईल तशी गोळी घालायची मोकळीक नाही.

शेतीच्या राखणीसाठी मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकीला माझा विरोध नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी तिची वेगळी तरतूद आहे, आणि रानडुकरांच्या कळपाला हुसकावायला तिचा नुसता बारही पुरतो. त्या परवान्यांच्या नूतनीकरणात होणारे हेलपाटे कमी व्हावेत, असे मलाही वाटते. पण कमरेला लपवता येणारे शस्त्र ही वेगळीच गोष्ट झाली. ते रानात जाते, तसेच भट्टीवर, जत्रेत आणि हद्दीच्या भांडणातही जाते. मेरू (सांबर) आणि भेकरांच्या मागे रात्री कोण फिरते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली इथे चार वाघ विषाने मेले. जनावरे गमावलेल्या माणसाचा राग किती टोकाला जाऊ शकतो, हे त्या प्रकरणाने दाखवले. अशा रागाच्या हाताशी पिस्तूल ठेवण्याची घाई सरकारने करू नये.

या मागणीतली मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट शेवटी लिहितो. परवाना मिळाला तर तो कुणाला मिळेल? ज्याच्या नावावर जमीन आहे, ज्याला लाखाच्या आसपास किमतीचे रिव्हॉल्व्हर परवडते आणि ज्याला कार्यालयांत फेऱ्या मारता येतात, त्याला. आणि अस्वलाच्या समोर कोण येते? उजाडताच बोंडू वेचायला जाणारी बाई, लाकडे आणायला गेलेला म्हातारा, गुरे राखणारा मुलगा, आणि हंगामापुरता आलेला परप्रांतीय मजूर, ज्याला इथली वाटही माहीत नसते. मालक बहुधा बोंडू भट्टीवर पोचल्यावर तिथे येतो, मीही त्यातलाच. माझ्या खिशातल्या परवान्याने माझ्या बागायतीतल्या मजुराचा चेहरा वाचणार नाही, आणि शस्त्र त्याच्या हातात देणे हा वेगळा गुन्हा आहे.

त्या मजुरासाठी करता येण्यासारख्या गोष्टी महाग नाहीत. पुरते उजाडल्याशिवाय वेचणी सुरू न करणे आणि दिवेलागणीच्या आत रान सोडणे, हे मालकाने ठरवले तर उद्यापासून होऊ शकते. बोंडू तासभर उशिरा आला म्हणून हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, बिघडत नाही. एकट्यादुकट्याला न पाठवता दोघा-तिघांनी बोलत, हाका घालत जावे, हातात घुंगरू बांधलेली काठी असावी. झाडांखालची जाळी हंगामाआधी तोडावी, विशेषतः वारुळाच्या आसपास. वारूळ मात्र फोडू नये. वारुळाच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या सातेरी देवीच्या या मुलखात ते कुणी सहसा फोडतही नाही, आणि अस्वलाला त्याचे खाणे रानात मिळत राहिलेले आपल्याच फायद्याचे आहे. अस्वल समोर दिसलेच तर पाठ फिरवून पळू नये, झाडावर चढू नये, कारण ते आपल्याहून चांगले चढते. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे. ही माहिती पंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक भट्टीवर मराठी, कोकणी, कन्नड आणि हिंदीत लावायला फारसा खर्च येणार नाही.

वनखात्याकडे माझी मागणी अशी आहे की अस्वलासाठी बनवलेला खरा फवारा त्यांनी रीतसर मागवून पुढच्या काजूच्या हंगामाआधी आपल्या रक्षकांच्या हातात द्यावा आणि त्यांचा अनुभव लोकांसमोर मांडावा. बाजारात पर्समध्ये ठेवण्यासाठी मिळणारी छोटी कुपी या कामाची नाही. अमेरिकेत शिफारस होते त्या डब्यात किमान २२५ ग्रॅम द्रव्य असते, तो साडेसात मीटरच्या पुढे पोचतो आणि निदान सहा सेकंद चालतो. त्याचा ढग समोर पसरत असल्याने बारीक नेम धरावा लागत नाही. आपल्या अस्वलावर, आपल्या दाट जाळीत तो कितपत चालतो, हे इथेच तपासावे लागेल. तो चालला, तर बागायतदारांच्या सोसायट्यांमार्फत मजुरांच्या प्रत्येक टोळीमागे एक डबा देता येईल, आणि त्याच्या निम्म्या किमतीचा भार उचलायला माझ्यासारखे बागायतदार तयार होतील, असा मला विश्वास आहे. तोपर्यंत सत्तरीतून आलेल्या पिस्तुलाच्या अर्जांवर मुख्य वन्यजीव रक्षकांनी कलम ३४ खालचा आपला अधिकार वापरून सहमती नाकारावी, ही विनंती.

आपला,
रानाकाठचा एक काजू बागायतदार,
सत्तरी, गोवा