बाण लागल्यावर जनावर पडणार कुठे?

संपादक महोदय,

अलास्कातल्या माउंटन गोटच्या (कड्यांवर राहणाऱ्या पांढऱ्या, बकऱ्यासारख्या रानटी प्राण्याच्या) धनुष्यबाणाने होणाऱ्या शिकारीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात सगळा भर बाण किती लांबून मारला यावर आहे. जाणकार शिकारी अंतराच्या आधी दोन गोष्टी पाहतो: समोरचा प्राणी नर आहे का, आणि बाण लागल्यावर तो कोसळणार कुठे.

काळी, आठ-दहा इंचांची शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. नराची बुडाशी जाड, एकमेकांना लगटलेली आणि बाक सुरुवातीपासून सारखा. मादीची बारीक, जरा लांब-लांब, टोकाजवळ एकदम वळलेली. एकटा दिसला म्हणजे नरच, हे धरून चालू नये. मादी बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षी पहिल्यांदा विते, तेही बहुतेक एकच पिल्लू. त्यामुळे लहान कळपातल्या दोन-तीन माद्या गेल्या तर तो कित्येक वर्षं सावरत नाही. अलास्कात पिल्लू सोबत असलेली मादी मारायला बंदी आहे. माझ्या मते पिल्लू नसलेलीही सोडून द्यावी.

हे प्राणी धोक्यासाठी खालच्या बाजूला नजर ठेवतात, म्हणून शिकारी वरून उतरतो. सकाळी उन्हाने उतार तापला की हवा वर चढते आणि माणसाचा वास खाली जात नाही. दुपारनंतर कडा सावलीत गेला की हवा खाली वाहू लागते. तेव्हा वरून जाणं व्यर्थ.

आता नेम. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) तिरपे ४० मीटर दाखवले आणि उतार ४५ अंशांचा असला, तर आडवं अंतर भरतं तेवढा, म्हणजे २८ मीटरचा नेम धरायचा, नाहीतर बाण पाठीवरून जातो. वाकायचं कमरेतून; नुसता हात खाली नेला तर खेच बदलते आणि बाण भरकटतो. आडव्या उतारावर धनुष्य नकळत कलतं, म्हणून साइटवरचा (धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनावरचा) पाणसळीचा बुडबुडा पाहिल्याशिवाय बाण सोडू नये. वरून मारताना बाण पलीकडे खालच्या अंगाला बाहेर पडतो. त्यामुळे अलीकडे थोडं वर धरावं, तरच दोन्ही फुप्फुसं भेदली जातात. एकच भेदलं तर जखमी जनावर बराच वेळ चालत राहतं. अलास्कात कायद्याने किमान ५० पाउंड खेचीचं (म्हणजे ताणायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य आणि ३०० ग्रेन (सुमारे १९ ग्रॅम) वजनाचा बाण लागतो. ही कमीत कमी अट आहे. एवढ्या जाड केसांच्या, भरदार खांद्यांच्या प्राण्याला त्याहून जड बाण बरा.

पण नेम अचूक लागला तरी बाण जनावराला जागच्या जागी पाडत नाही. रक्तस्राव होऊन ते कोसळेपर्यंत काही सेकंद जातात, आणि जखमी गोट सहसा कड्याकडेच धावतो. दोन उड्या पुरतात. मग शिंगं तुटतात, हाडांचा चुरा होऊन मांस नासतं, किंवा धड दोराशिवाय पोहोचता येणार नाही अशा कपारीत अडकतं. खाण्याजोगं मांस खाली आणणं अलास्कात बंधनकारक आहे. म्हणून कड्याच्या टोकाशी बसलेल्या नरावर, तो वीस मीटरवर असला तरी, बाण सोडू नये. तो उठून चरायला गवताळ सपाटीवर येईपर्यंत थांबावं, मग त्यात तीन तास जावोत. तसा तो आलाच नाही तर परत फिरावं.

परतीची वाटही आधीच ठरवावी लागते. पाठीवर मांस, कातडं आणि शिंगांचं ओझं असताना ओलं गवत बर्फापेक्षाही दगा देतं. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अलास्कात बर्फ नसतानाही अनुभवी माणसं बुटांना क्रॅम्पॉन (बर्फावर चालायचे अणकुचीदार दातांचे सांगाडे) बांधतात ते यासाठीच.

लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘रुबाबदार नर’ असं छापलं आहे. शिंगं पाहता ती मादी आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, अँकरेज (अलास्का)