उपकरांत राज्यांना वाटा हवा

केंद्र-राज्य निधीवाटपाचा वाद पेटला की चर्चा ४१ टक्क्यांभोवतीच फिरते. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना तेवढा वाटा दिला हे खरे. पण तो केंद्राच्या सगळ्या करउत्पन्नाचा नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर (विशिष्ट कामासाठीचा जादा कर, म्हणजे सेस) आणि अधिभार (करावरचा जादा कर, म्हणजे सरचार्ज) या वाटपातून वगळलेले आहेत. पेट्रोलचेच पाहा. मे २०२२ मधील कपातीनंतर केंद्राचा कर लिटरमागे १९.९० रुपये उरला. त्यात मूळ उत्पादन शुल्क होते अवघे १.४० रुपये! राज्यांचा हिस्सा फक्त त्यात. बाकी सारे उपकर-अधिभारांच्या रूपाने केंद्राच्या तिजोरीत. दुसरीकडे जीएसटीमुळे राज्यांचा बहुतेक व्हॅट गेला, मुंबईची जकात गेली आणि त्यापोटी केंद्राकडून मिळणारी नुकसानभरपाईही जून २०२२ नंतर थांबली.

या वाटपात गरीब राज्यांना झुकते माप मिळते, त्याला माझा विरोध नाही. बिहारमधल्या शाळेला पैसा मिळायलाच हवा. पण वाटायची रक्कमच आक्रसत गेली तर नुकसान बिहारचेही होते आणि महाराष्ट्राचेही. म्हणून उपकर-अधिभारांवर घटनादुरुस्तीने मर्यादा घालावी आणि त्यापुढची रक्कम राज्यांमध्ये वाटली जावी. आपल्या खासदारांनी पक्षभेद विसरून ही मागणी संसदेत लावून धरावी.

– एक वाचक, सोलापूर